दीड प्रभागाचा देश

कोजागरीच्या दुधात जायफळ किती घालायचं, हा आमच्या घरातला जुना वाद. माझ्या भावाच्या मते दुधाला जायफळाचा नुसता वास लागावा; माझ्या लेकीच्या मते ते जिभेला कळावं. दोघांपैकी कुणीही दूध आटवायला कधी उभं राहत नाही, हे जाता जाता सांगते. यंदाही मी गॅससमोर, हातात किसणी, आणि ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तेवढ्यात लेक म्हणाली,

“मामा, हे जायफळ एका देशाच्या झेंड्यावर आहे.”

“इंडोनेशियाच्या?”

“नाही. ग्रेनाडाच्या.”

“ते स्पेनमधलं शहर ना?”

“ते ग्रॅनाडा. हा ग्रेनाडा, कॅरिबियन समुद्रातला. २००४ मध्ये आयव्हन नावाचं वादळ आलं, तेव्हा तिथल्या दहांतल्या नऊ घरांची पडझड झाली. जायफळाच्या बागा आडव्या झाल्या. लोकसंख्या एक लाख दहा-बारा हजार.”

मामाने डोळे मिटले. तो सहकार खात्यात लेखापरीक्षक होता. आकडा ऐकला की आधी दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून बघतो. “आपल्या महापालिकेचा चार नगरसेवकांचा एक प्रभाग साधारण ऐंशी-पंच्याऐंशी हजारांचा. म्हणजे धड दीड प्रभागसुद्धा नाही. आणि त्यांना पंतप्रधान आहे?”

“आहे. ऑलिंपिकचा संघही आहे.”

“हेच,” मामा म्हणाला, “हेच मला पटत नाही.”

मी गॅस बारीक केला. दूध आटायला अजून अर्धा तास होता आणि या दोघांना तेवढा पुरणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. लेक अ‍ॅथलेटिक्सची प्रशिक्षक आहे. पहाटे पाचला घर सोडते, शाळकरी मुलांना पळायला शिकवते आणि त्या मुलांच्या वेळा तिला आमच्या वाढदिवसांपेक्षा चांगल्या पाठ असतात. मामाचं खेळाशी नातं टीव्हीपुरतं, पण टीव्हीवर तो एकही चेंडू सोडत नाही.

“पॅरिसचं उद्‌घाटन बघितलंस ना?” त्याने सुरुवात केली. “नदीतून बोटी चालल्या होत्या. मोठ्या देशांना आपापली बोट. बाकीचे एकेका बोटीत तीन-तीन, चार-चार. स्वारगेटच्या सहा आसनी रिक्षासारखे! कुणाचे दोन खेळाडू, कुणाचे तीन, आणि त्यांच्यामागे पदाधिकारी. हा खेळ आहे की सहल?”

“आपलेही पदाधिकारी जातात.”

“ते वेगळं लेखापरीक्षण आहे, त्यात मला ओढू नकोस. मी म्हणतो, ऑलिंपिक म्हणजे जगातले सगळ्यांत उत्तम. तिथे पोचण्यासाठी जो घाम गाळतो, त्याच्या शेजारी देश लहान आहे म्हणून आलेला माणूस का उभा करायचा? सिडनीचा तो पोहणारा आठव. इक्वेटोरियल गिनीचा. शंभर मीटरच्या त्याच्या हीटमध्ये तिघं होते, दोघं चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाले. हा एकटा पोहला. एक मिनिट बावन्न सेकंद! सुवर्णविजेत्याच्या दुपटीहून जास्त. शेवटी शेवटी मला वाटलं, आता जीवरक्षक उडी मारतोय. पोहायला शिकून आठ महिने झाले होते त्याला. टिळक तलावावरच्या सकाळच्या बॅचमधल्या कुणालाही पाठवलं असतं तरी चाललं असतं.”

“एरिक मुसाम्बानी,” लेक म्हणाली. “पन्नास मीटरचा तलाव त्याने आयुष्यात पहिल्यांदा सिडनीतच बघितला. पुढे तोच त्याच्या देशाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. हे तुझ्या वहीत कुठल्या रकान्यात?”

“माणूस भला आहे, त्यात वाद नाही. पण तो तिथे स्पर्धक म्हणून होता की शोभेला, एवढंच सांग.”

इथे लेक जरा थांबली. तिच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर सोपं नव्हतं. तिने मग नियम समजावून सांगितला. ज्या देशाचा एकही धावपटू पात्रतेच्या वेळेपर्यंत पोचत नाही, त्यालाही ऑलिंपिकच्या अ‍ॅथलेटिक्समध्ये एखादी जागा दिली जाते. वेळेची अट माफ. शंभर मीटरसाठी अशा धावपटूंची आधी वेगळी प्राथमिक फेरी होते. तिथून जो वर येतो, तोच मुख्य हीटमध्ये धावतो. त्यामुळे तुवालूसारख्या अकरा हजार लोकवस्तीच्या देशाचा मुलगा जगज्जेत्याची लेन अडवतो, असं होत नाही.

“पण एकूण खेळाडूंच्या संख्येला मर्यादा असते ना?” मामाने नेमका तोच धागा ओढला.

“असते.”

“मग कुणाची तरी जागा जाते.”

“जाते,” लेक म्हणाली. “क्रमवारीत काठावर असलेल्या कुणाची तरी जाते. तो भारतीयही असू शकतो. ते मी नाकारत नाही. पण जमैकाची चौथी धावणारी घरी बसते, ती तुवालूमुळे नाही. एका देशाचे एका शर्यतीत तिघंच, हा नियम आहे म्हणून.”

“कबूल केलंस, बरं झालं. आक्षेप क्रमांक एक कायम.”

मामाचं हे असं. समोरच्याने एक पाऊल मागे घेतलं की तो लगेच तिथे खडूने रेघ मारतो. मला वाटलं, लेक आता चिडणार. ती चिडली नाही. तिने वाटीतला जायफळाचा अर्धा तुकडा उचलला आणि म्हणाली, “या जायफळाच्या देशातला एक मुलगा पुण्यात येऊन गेलाय.”

“पुण्यात? परदेशी धावणारे इथे मॅरेथॉनला येतात. केनियाचे, इथिओपियाचे. बक्षीस घेतात आणि जातात.”

“ऑक्टोबर २००८. बालेवाडी. कॉमनवेल्थ यूथ गेम्स.”

“अरे हो! कलमाडींच्या त्या. शुभंकर वाघ होता ना एक, जिगर नावाचा? बाणेर रस्त्याची आठवण नको. दोन दोन तास लागायचे.”

पुणेकराला त्या स्पर्धेचं एवढंच आठवतं: वाघ आणि वाहतूक. मलाही फार आठवत होतं असं नाही, म्हणून जेवढं खरं आहे तेवढं नोंदवते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं होतं. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या आठवड्यात तिथे राष्ट्रकुलातल्या ७१ संघांची, अठरा वर्षांच्या आतबाहेरची मुलं-मुली उतरली. बाराशेच्या वर खेळाडू, नऊ खेळ. भारताने ३३ सुवर्णपदकांसह ७६ पदकं घेतली आणि पहिला क्रमांक पटकावला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तेच होतं आणि तेच असायला हवं होतं, यजमान आपण होतो. मी लेकीला घेऊन एक दिवस गेले होते. ती सहावीत होती. आम्ही कुणाला बघायला गेलो होतो? सायना नेहवालला. ती त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत खेळून आली होती आणि पुण्यात तिने सुवर्ण घेतलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, बाहेर येऊन भेळ खाल्ली, रिक्षा मिळाली नाही म्हणून कुरकुरलो आणि घरी आलो.

त्याच आठवड्यात, त्याच संकुलात, ग्रेनाडाचा सोळा वर्षांचा किराणी जेम्स चारशे मीटर धावत होता. त्याने सुवर्णपदक जिंकलं. आम्हाला पत्ता नाही.

“कोण हा किराणी? वाण्याचं दुकान?” मामाला राहवलं नाही.

“मामा, प्लीज.” लेकीने सांगायला घेतलं. गुयाव्ह नावाच्या कोळ्यांच्या गावातला हा मुलगा. पुण्यानंतर तीन वर्षांनी, २०११ मध्ये, दक्षिण कोरियातल्या देगूला अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. ६ ऑगस्ट २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर ४३.९४ सेकंदांत धावला आणि सुवर्ण जिंकलं. ग्रेनाडाच्या इतिहासातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. पंतप्रधानांनी देशाला अर्ध्या दिवसाची सुटी दिली. पुढे रिओला रौप्य, टोकियोला कांस्य. आज तिथल्या स्टेडियमला त्याचं नाव आहे.

“२००८ ची कोजागरी त्याच आठवड्यात होती,” लेक म्हणाली. “१४ ऑक्टोबरला. मी मागे कॅलेंडर काढून बघितलं. आपण गच्चीवर बसून जायफळ घातलेलं दूध पीत होतो आणि जायफळाच्या देशातला तो मुलगा दहा-बारा किलोमीटरवर होता.”

मी हातातल्या किसणीकडे पाहिलं. अशा गोष्टींना काही अर्थ नसतो हे मला कळतं; तरी त्या लक्षात राहतात.

मामा मात्र सावरून बसला. “गोष्ट छान आहे. पण एका व्हाउचरवर ताळेबंद होत नाही. एकाहत्तरांतला एक किराणी. बाकीच्या सत्तरांचं काय? आणि मला सांग, हा पोरगा पुढे शिकला कुठे? सराव केला कुठे?”

लेक गप्प.

“सांग ना.”

“अमेरिकेत. अलाबामा विद्यापीठात.”

“आणि पॅरिसला शंभर मीटरला सोनं घेतलं ती सेंट लुसियाची जुलियन आल्फ्रेड?”

“टेक्सास.”

“तिहेरी उडीत सोनं घेतलं ती डॉमिनिकाची थिया लाफाँड? ती तर अमेरिकेतच वाढली. मीही वाचतो गं पेपर. म्हणजे ट्रॅक अमेरिकेचा, प्रशिक्षक अमेरिकेचे, शिष्यवृत्ती अमेरिकेची आणि झेंडा तेवढा बेटाचा. याला मी लहान देशाचा पराक्रम म्हणू की मोठ्या देशाचं अनुदान?”

हा मुद्दा जोरदार होता आणि लेकीचा चेहरा तसं सांगत होता. खरं तर तो ज्यांनी त्यांनी आपापल्या घरी तपासून बघावा असा आहे. गावातल्या मुलाने शहरात जाऊन मिळवलेलं यश नेमकं कुणाच्या खात्यावर जमा करायचं? लेकीने शेवटी तेच केलं. तिने घरचं उदाहरण काढलं.

“स्वप्नील कुसाळे कुठला?”

“कोल्हापूरचा. राधानगरी तालुका, कांबळवाडी.”

“नेमबाजीचा सराव कुठे केला?”

“बालेवाडी.”

“नोकरी?”

“मध्य रेल्वे. तेव्हा तिकीट तपासनीस.”

“मग पॅरिसचं ते कांस्यपदक कांबळवाडीचं, पुण्याचं की रेल्वेचं?”

“तिघांचंही,” मामा म्हणाला आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं. “हां, पण तिन्ही एकाच देशात आहेत!”

“म्हणूनच आपलं नशीब बरं. गुयाव्हच्या पोराला पुणं गाठायला समुद्र ओलांडावा लागतो. पळणारा पाय गुयाव्हमध्येच ओळखला गेला, मामा. गावातल्या कुठल्या तरी शिक्षकाने त्याला मैदानावर थांबवून घेतलं असणार, वेळ लावली असणार. ते झालं नसतं तर अलाबामाला कोण गेलं असतं? ते पहिलं काम किती कंटाळवाणं असतं, ते मला विचार.”

यावर मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने मोबाइल काढला आणि गणित मांडलं. मला वाटलं होतं, आता तो दरडोई पदकांचं काढून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार. पॅरिसला ग्रेनाडाची दोन पदकं, दोन्ही कांस्य: दशस्पर्धेत लिंडन व्हिक्टर आणि भालाफेकीत अँडरसन पीटर्स. तोच पीटर्स, जो ८८.५४ मीटरवर थांबला आणि आपल्या नीरज चोप्राच्या मागे तिसरा आला. सुमारे छप्पन हजार माणसांमागे एक पदक. आपली सहा पदकं. एकशे चाळीस कोटींना सहाने भागलं की तेवीस कोटींच्या वर माणसांमागे एक.

“लाज वाटते ना?” लेक म्हणाली.

“अजिबात नाही. हे गणितच चूक आहे.” मामाला आता सूर सापडला. “समज, एका शाळेत तुकडी अ मध्ये पाच मुलं आहेत आणि तुकडी ब मध्ये पाचशे. नियम असा, की प्रत्येक तुकडीने तीनच मुलं पाठवायची. आता अ ला एक बक्षीस मिळालं की पाच जणांमागे एक. ब ने तिन्ही बक्षिसं मारली तरी दीडशेच्या वर मुलांमागे एक! तीनांची मर्यादा तू मघाशी स्वतःच सांगितलीस. मग दरडोई मोजून मोठ्या देशाला हिणवायचं कशाला? लहान देशाला एका नियमाने आत घ्यायचं, मोठ्याला दुसऱ्या नियमाने थोपवायचं आणि वर भागाकार करून मोठ्यालाच नापास करायचं.”

हा गुण मी मामाला दिला. लेकीनेही दिला, तोंडाने नाही, पण दिला. वर्तमानपत्रांत दर चार वर्षांनी छापून येणारे ते दरडोई तक्ते मला तेव्हापासून जरा फसवे वाटायला लागलेत. अर्थात तेवीस कोटींमागे एक ही आपली अवस्था फक्त भागाकाराची चूक आहे, असं मात्र मामानेही म्हटलं नाही.

“पण मामा, तू लहान देशाला फक्त पदकांच्या तक्त्यात शोधतोयस,” लेकीने दिशा बदलली. “पुण्यानंतर त्या यूथ गेम्स कुठे झाल्या?”

“कुठे?”

“२०११ ला आइल ऑफ मॅन. लोकसंख्या ऐंशी-पंच्याऐंशी हजार.”

“एका प्रभागाने स्पर्धा भरवल्या?” मामा मनापासून हादरला. “आमच्या प्रभागाला साधी नालेसफाई …”

“२०१५ ला सामोआ. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. आणि नाउरू ऐक. एकवीस चौरस किलोमीटरचं बेट, दहा-बारा हजार माणसं. तिथला मार्कस स्टीफन वजन उचलायचा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकला जायची पात्रता होती, पण नाउरूला ऑलिंपिकमध्ये तेव्हा स्थानच नव्हतं. तो सामोआचं नागरिकत्व घेऊन सामोआतर्फे खेळला. मग १९९४ ला नाउरूला मान्यता मिळाली. राष्ट्रकुल स्पर्धांत त्याची सात सुवर्णपदकं आहेत आणि तुझ्या बालेवाडीत ते वाघोबा नाचत होते, तेव्हा तो नाउरूचा राष्ट्राध्यक्ष होता.”

“दहा हजारांत राष्ट्राध्यक्ष होणं म्हणजे आपल्याकडे सोसायटीचा चेअरमन होण्यासारखं.”

“तू झालायस का कधी?”

मामा झालेला नाही. एकदा उभा राहिला होता. तो विषय आमच्याकडे काढत नाहीत.

दूध निम्म्यावर आलं होतं. मी केशर टाकलं, बदामाची पूड टाकली आणि इतका वेळ गप्प होते ते बोलले, कारण दोघांपैकी कुणालाही ते सुचत नव्हतं आणि मला राहवत नव्हतं.

“तुम्ही दोघं ग्रेनाडाला गेलात, नाउरूला गेलात. डेक्कनला कुणी गेलंच नाही.”

“डेक्कनला काय?”

डेक्कन जिमखाना, स्थापना १९०६. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमाराला दोराबजी टाटा जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धांचे अध्यक्ष होते. त्यांनी त्या मैदानावर लांब पल्ल्याच्या शर्यती बघितल्या. पळणारे बहुतेक शेतकरी. अनवाणी. शर्यतीच्या नियमांची फारशी जाण नाही, शास्त्रशुद्ध सराव तर दूरच. पण त्यांच्या वेळा बघून टाटांना वाटलं, ही माणसं युरोपातल्या धावणाऱ्यांच्या जवळपास आहेत. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्यापुढे विषय काढला: १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवावा. तेव्हा इथे ऑलिंपिक संघटना नव्हती, निवड समित्या नव्हत्या, पात्रतेची वेळ नावाचा प्रकार नव्हता. १९०० साली पॅरिसला धावलेला कोलकात्याचा नॉर्मन प्रिचर्ड सोडला, तर हिंदुस्थानातून ऑलिंपिकला कुणी गेलेलंही नव्हतं. खर्चाचा मोठा वाटा टाटांनी स्वतः उचलला आणि सहा जण गेले. चार धावणारे, दोन पैलवान.

“त्यांत आपलं कोण?” मामाने विचारलं. पुणेकर हा प्रश्न विचारतोच.

“बेळगावचे फडेप्पा चौगुले. मॅरेथॉन. त्या वर्षी अंतर बेचाळीस किलोमीटर सातशे पन्नास मीटर होतं, ऑलिंपिकमधली सगळ्यांत लांब मॅरेथॉन. ते एकोणिसावे आले. सदाशिव दातारही धावले. कैकिणी होते. कुस्तीला नवले आणि शिंदे; शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचले आणि तिथे हरले. बंगालचे पूर्मा बॅनर्जी शंभर आणि चारशे मीटर धावले, दोन्हींत पहिल्याच फेरीत बाहेर.”

“म्हणजे पदक एकही नाही.”

“एकही नाही.”

“बत्तीस-तेहतीस कोटींचा देश, सहा माणसं, शून्य पदकं, पैसे एका शेटजींचे,” मामा हळूहळू म्हणाला.

“आणि पात्रता वेळ नाही,” लेकीने जोडलं.

“हो, ऐकलं.”

“तू मघाशी शोभेचा म्हणालास ना? अँटवर्पच्या प्रेक्षकांत तुझ्यासारखा एखादा मामा बसलाच असणार, फडेप्पांकडे बघून हेच म्हणणारा.”

मला हे जरा लागट वाटलं, पण मामाने मनावर घेतलं नाही. तो हिशेबात होता. “त्या सहा जणांवर केलेल्या खर्चाचं पुढे काय झालं?” त्याने मला विचारलं, खात्यात विचारायचा तसं. मी सांगितलं: दोराबजी १९२० लाच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. १९२४ ला पॅरिसला संघ गेला. १९२७ ला भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. त्यानंतर १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत खाशाबा जाधवांचं कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. तेसुद्धा कसं? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून पैसे उभे केले तेव्हा. खाशाबा परत आले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. ग्रेनाडाने अर्ध्या दिवसाची सुटी दिली, आपल्याकडे बैल जुंपले.

आणि खाशाबांनंतर मराठी मुलुखातलं पुढचं वैयक्तिक पदक थेट स्वप्नीलचं, २०२४ चं. बहात्तर वर्षांनी.

“मराठी मुलुखाची वैयक्तिक पदकांत बत्तीस वर्षांनी पहिली वसुली, मग बहात्तर वर्षांनी दुसरी,” मामा म्हणाला. “आमच्या खात्यात अशा कर्जाला बुडीत म्हणतात.”

“आणि दिलंच नसतं तर?”

“तर बुडालं नसतं.” मग स्वतःच हसला. “आणि काही आलंही नसतं, हो, कळतंय मला. पण माझा आक्षेप पूर्ण गेलेला नाही. दार उघडं ठेवा, जरूर ठेवा. पण दारात एखादी किमान वेळ असू द्या. पोहायला उतरणाऱ्याला निदान पलीकडचा काठ गाठता यावा, याची खात्री करून घ्या. नाहीतर त्या बिचाऱ्याचं हसं होतं आणि तुम्ही त्याला माणुसकी म्हणता.”

“हे मला मान्य आहे,” लेक म्हणाली. मला तिचं आश्चर्य वाटलं. “मीसुद्धा तयारी नसलेल्या पोराला स्पर्धेत उतरवत नाही. पण ती वेळ ठरवणारा माणूस एकदा तरी अनवाणी पोरांच्या शर्यतीला जाऊन बसलेला असावा.”

मी जायफळ किसलं. भावाला हवं होतं त्याहून जास्त, लेकीला हवं होतं त्याहून कमी. दोघांनीही पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, म्हणजे प्रमाण बरोबर होतं.

गच्चीवर चंद्र ढगांत होता. मामाने ग्लास कठड्यावर ठेवला आणि अचानक विचारलं, “ताई, त्या डेक्कनच्या मैदानावरून मी नोकरीभर बसने गेलो. त्या सहा जणांबद्दल शाळेत शिकवलं होतं का गं आपल्याला?”

शिकवलं नव्हतं. मला हे कळलं तेही पन्नाशीनंतर.

आता माझी स्वतःची एक कबुली. आमच्या घरात ऑलिंपिकचं उद्‌घाटन सगळे मिळून बघतात. भारत येईपर्यंत मी टीव्हीसमोर बसते, आणि मग ती ओळीने दोन-दोन, तीन-तीन माणसं आपापला झेंडा घेऊन यायला लागली की चहा टाकायला उठते. गेली कित्येक वर्षं हेच. सेंट लुसिया, नाउरू, तुवालू हे सगळे देश मी चहा उकळताना ओट्यापाशी घालवलेत. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत. तेव्हा ही बेटं पुन्हा आपल्याच देशात येतील, कदाचित एखादा नवा किराणीही असेल. या वेळी चहा आधीच करून ठेवा.